सायबाची चूल राखणाऱ्या कौसाबाई

मालेगावच्या स्टँडवर वाशीमच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा. तेवढ्यात डाक बंगल्याचा चौकीदार महादेव हातात थैली घेऊन समोर आला आणि रामराम न घालताच म्हणाला, "साहेब, कौसाबाई गेली. कामरगावले, लेकीच्या घरी. आठ दिवस झाले." मी विचारलं, "अरे, झालं काय?" "ताप आला, अन् उतरलाच नाही जी." एवढं सांगून तो बंगल्याची पाण्याची टाकी कशी गळते त्याबद्दल बोलू लागला. मी हं हं करत राहिलो. गाडी आली, भरली, सुटलीही... मी तिथंच उभा. महादेव म्हणाला, "साहेब, तुमची गाडी गेली न!" तेव्हा कुठं मला कळलं.

त्याला आता चार आठवडे होतील. चार आठवडे माझं कशातच लक्ष नाही. पेपर उघडतो, मिटतो. अंगणात जातो, परत येतो. बायको वैतागून म्हणते, "अवो, बसा न एका जागी! पायाले भिंगरी लागली काय?" बसू कसा? कौसाबाईंचं बारा वर्षांचं काम माझ्यामुळं सुटलं आणि ते माझ्यामुळं सुटलं हे मी त्यांच्या जिवंतपणी एकदाही तोंडातून काढलं नाही. झालं, लिहून टाकलं. वाटलं होतं, लिहिल्यावर जरा बरं वाटेल. कसलं बरं वाटतंय!

डाक बंगला कोणत्या गावाजवळचा ते सांगत नाही. मालेगाव-वाशीमकडचा एक, एवढं पुरे. इंग्रजांच्या वेळचं बांधकाम, जाड भिंती, आणि मोठ्या खोलीत भिंतीत कोरलेली शेकोटी. आमच्या वऱ्हाडातल्या उन्हात शेकोटी बांधायची बुद्धी ज्याला झाली त्या साहेबाला माझा नमस्कार. पण खरं सांगायचं तर पुस-माघात तिकडं थंडी अशी पडते की पेटवावी वाटावी. गावातले लोक तिला 'सायबाची चूल' म्हणत. त्या चुलीच्या तोंडावर जो दर्शनी भाग होता तो बघण्यासारखा होता. लोखंडाची चौकट, तिच्यावर पितळेचा पातळ पत्रा, पत्र्यावर ठोकून काढलेली वेलबुट्टी, आणि वरच्या बाजूला समोरासमोर दोन मोर. मोर वेगळे ओतलेले आणि पत्र्यावर डाख देऊन जोडलेले. कल्हईवाला डब्याला जोड देतो तसाच डाख. असं पितळ आगीपाशी टिकत नाही. आधी तपकिरी पडतं, मग निळसर डाग धरतं, पत्रा वाकतो, आणि डाख एकदा मऊ झाला की संपलंच. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मी बांधकाम खात्यात नवा ओव्हरसियर होतो, बदली होऊन आल्याला तीन महिने झाले होते, आणि पितळ चकाकतंय एवढंच मला दिसत होतं.

चकाकत होतं ते कौसाबाईंमुळं. बंगल्याची झाडलोट त्यांच्याकडं. पन्नाशीच्या आसपास वय, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आवाज असा खणखणीत की फाटकापासून ऐकू यावा. पहिल्याच दिवशी मी बुटासकट व्हरांड्यात शिरलो तर म्हणाल्या, "ओ साहेब, फरशी ओली हाय. तुमच्या पायाचे ठसे पुसाले मी दुसऱ्यांदा नाही वाकत!" मी मुकाट्यानं बूट काढले. नंतर रागही आला. माझ्या आईच्या वयाची बाई, पण मी तिला 'अगं कौसा' म्हणायचो. खात्यात तशीच पद्धत होती. आता लिहिताना 'त्या' म्हणतोय. आता काय लागतं म्हणायला!

बारा वर्षं त्या रोजंदारीवर होत्या. दर काही महिन्यांनी मध्ये खंड पाडायचा, म्हणजे बाई कायम होत नाही, हे आमच्या खात्याचं जुनं गणित. त्यांना कायम व्हायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं. "कायम झाली का मी मरेपर्यंत या बंगल्यात राह्यली समजा," म्हणायच्या, "कोणी मले उठ म्हणू शकत नाही." आदल्या हिवाळ्यात आमचे मोठे साहेब मुक्कामाला आले होते, शेकोटीपुढं बसून खूश झाले होते, आणि "या बाईचा कागद पाठवा माझ्याकडं, करून टाकू," असं सगळ्यांसमक्ष बोलून गेले होते. कागद गेला होता. यंदा साहेब पुन्हा येणार होते, सोबत पत्नी आणि वरचे एक पाहुणे. कौसाबाईंचं सगळं त्या एका मुक्कामावर आलं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी कामरगावला त्यांच्या लेकीचं बाळंतपण निघालं. दोन दिवसांसाठी त्या गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "साहेब, समदं करून ठेवलं हाय. चुलीले फक्त हात नोका लावू."

मी हात लावला.

साहेबांच्या पत्नीला जुन्या वस्तूंची हौस आहे असं कळलं होतं. म्हणून दुपारी मी सगळं तपासायला बसलो. शेकोटीपुढं उकिडवा बसून आत डोकावलो तर काय... त्या सुंदर पत्र्याच्या मागच्या अंगाला बोटभर जाडीची माती लिंपलेली! आणि पत्र्याच्या मागं उभ्या लावलेल्या ओबडधोबड विटा. माझं डोकंच फिरलं. सरकारी बंगला की कोणाचं झोपडं? मनात आणखीही एक आलं होतं, तेही लिहितो, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. ही माती कोणाच्या हातची, हेसुद्धा माझ्या मनात आलं होतं. कौसाबाईंच्या घरच्यांनी छप्पन साली धम्म घेतला, तरी गावानं त्यांना कुठं उभं करायचं ते सोडलं नव्हतं. आणि मी शिकलेला माणूस, मीही गावासारखाच. महादेवला कोंबडीसाठी पिटाळलं होतं. मग मी स्वतःच गवंड्याची करणी घेतली, सगळी माती खरडली, विटा मागं नेऊन फेकल्या. संध्याकाळी पितळ पुढून-मागून झळकत होतं. मला काय अभिमान वाटला म्हणता!

दिवेलागणीला साहेब मंडळी आली. बाईसाहेबांना थंडी वाजत होती म्हणून महादेवानं बाभळीची लाकडं चांगली रचून जाळ केला. चहा आला. पाहुणे मोरांकडं बोट दाखवून काही विचारत होते, मी पुढं होऊन माहिती देत होतो, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत डावीकडचा मोर हळूच खाली घसरला... थोडा थांबला, आणि मग खणकन् फरशीवर पडला. बाईसाहेबांच्या हातातली बशी निसटली. पत्रा मधोमध फुगला होता, वेलबुट्टीवर काळेनिळे डाग चढत होते. साहेबांनी लाकडं ओढायला लावली, गुडघ्यावर बसून आत पाहिलं, कोपऱ्यात राहिलेली माती बोटानं काढली आणि ओरडले, "ही घाण कोणी फासली इथं?" महादेव बिचारा खरं तेच बोलला, "कौसाबाईनं लावली होती जी." साहेब म्हणाले, "म्हणूनच! मातीनं पितळ खाल्लं." मी तिथंच उभा होतो. माझ्या तोंडाला काय झालं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं कौसाबाई आल्या. नात झाली होती, गुळाचा खडा पदरात बांधून आणला होता आमच्यासाठी. साहेबांनी व्हरांड्यात बोलावलं. त्या सरळ खोलीत गेल्या, शेकोटीत हात घातला, पत्र्याच्या मागून बोटं फिरवली. मग बाहेर आल्या आणि माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, क्षणभर. "साहेब," त्या मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "माती होती तवर मोर बसून होता." साहेब म्हणाले, "वर तोंड करून बोलते? उद्यापासून येऊ नकोस." कायमचा कागद तिथंच बारगळला. त्यांनी आपला झाडू कोपऱ्यात उभा केला, पदरातला गूळ महादेवच्या हातावर ठेवला आणि फाटकातून निघून गेल्या. मी त्यांच्यामागं दहा पावलं गेलो असेन. मग परत फिरलो.

पुढच्या वर्षी पोहरादेवीकडच्या रस्त्याचं काम माझ्याकडं आलं, आणि खडी फोडणाऱ्या बायांमध्ये कौसाबाई! माझी फटफटी दिसली की बाकीच्या बाया हातातलं काम चालू ठेवत, या मात्र उठून उभ्या राहत. मला आत काहीतरी बोचायचं. एकदा त्यांनीच विचारलं, "साहेब, मोर बसवला काय?" मी म्हटलं, बसवला, वाशीमच्या तांबटाकडून डाख देऊन आणला, पण पुन्हा सुटला. तर माझ्याकडं अशा बघत राहिल्या... मग हसून म्हणाल्या, "कायले नाही सुटन? आपल्या घरी भांडं चुलीवर ठेवतो तं बुडाले राख-माती लावतो का नाही? थे काळं होऊ नाही, तडकू नाही म्हणून. सायबाची असली तरी चूल थे चूलच न बाप्पा!" आणि तिथंच, खडीच्या ढिगाशेजारी बसून, त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. पांढरी माती अन् चाळलेली राख निम्मीनिम्मी, त्यात गव्हाचा बारीक भुसा. पहिला हात पातळ, तो सावलीत वाळला की दुसरा जाड. विटा पत्र्याला टेकवायच्या नाहीत, मधात बोटभर फट सोडायची, "हवेले जागा पायजे, नाही तं इटाच तापून पत्र्याले भाजतात." इस्तो, म्हणजे विस्तव, मागच्या भिंतीशी, लहान ठेवायचा. हिवाळा सरला की माती ओल्या फडक्यानं काढायची, पितळ चिंचेनं घासायचं, पुढच्या वर्षी नवा लेप. ज्या माणसानं काम घालवलं त्याला ही बाई ते काम शिकवत होती. मी वहीत टिपून घेतलं. टिपून घेतलं!... आणि खाली मान घालून फटफटीला किक मारली.

तेव्हापासून दर हिवाळ्याच्या तोंडी मी स्वतः तो लेप देतो. मोर पुन्हा सुटला नाही. तेच मोठे साहेब एकदा आले तेव्हा माझी पाठ थोपटून गेले. तेव्हा बोलता आलं असतं. मी ठरवलंही होतं. म्हटलं, पाहुणे गेले की बोलू. मग म्हटलं, पुढच्या दौऱ्यात. मग साहेबांची बदली झाली, आणि मला, काय सांगू, सुटल्यासारखं वाटलं. अशी पाच वर्षं गेली. रस्त्याचं काम सरलं, कौसाबाई लेकीकडं कामरगावला गेल्या, आणि मी स्वतःला समजावलं की त्या आता सुखात असतील.

गेल्या आठवड्यात न राहवून कामरगावला गेलो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला होता. लेक, सुमन, दारातच भेटली. बसा म्हणाली, पाणी दिलं. मी पाण्याचा घोटही घेतला नाही, उभ्यानंच सांगून टाकलं, "बाई, ती माती मी खरडली होती." ती शांतपणे म्हणाली, "मायले मालूम होतं." मी चमकलो. "त्या दिवशी तुमच्या नखात तिची माती होती जी. भुशाची माती तिच्याशिवाय कोणी करत नव्हतं." मी म्हटलं, "मग बोलल्या काहून नाहीत?" सुमन म्हणाली, "मी बी हेच इचारलं. म्हणे, माह्या बोलण्यानं कोण आयकते? थोच बोलंल. माणूस वाईट नाही, भेला हाय. एक दिवस बोलंल. खडीवर तुमची गाडी आली का थे उभी राहे. बाया हासत, सायबाले लय मान देते म्हणून. मानबिन नाही, साहेब... थे वाट पाहून राह्यली होती. मोराचं बी तुमाले बोलता यावं म्हणूनच काढे." आणि मग ती म्हणाली, "शेवटच्या तापात बी मले इचारलं तिनं, ओरसियर आला होता काय?"

मला त्यापुढचं फार आठवत नाही. माझ्या हातातला पेला सुमनच्या पोरीनं काढून घेतला, एवढं आठवतं. परतीच्या जीपमध्ये शेजारच्यानं विचारलं, तब्येत बरी नाही का.

दुसऱ्या दिवशी कागद लिहिला, सही केली आणि ऑफिसात गेलो. हेडक्लार्कनं दोनदा वाचला, चष्मा काढला, म्हणाला, "साहेब, बाई तर वारली. साहेबही बदलून गेले. हे आता मी लावू कोणत्या फायलीत?" खरंच, कोणत्या? त्यानं कागद घडी घालून, अगदी अदबीनं, माझ्या हातात परत दिला. तो आठवडाभर माझ्या खिशात आहे. दोनच वाक्यांचा आहे. व्हरांड्यात त्या माझ्याकडं क्षणभर पाहत होत्या, तेवढ्या वेळात सहज बोलून झाला असता. लावायला फाईल नाही म्हणून इथं देतो:

माती मी काढली. कौसाबाईंचा काही दोष नव्हता.