पिंपळे गुरवची भाची

मॉरिशसहून शिष्यवृत्तीवर शिकायला निघताना बाबा मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होते: तिकडे तुला कोणी परकी म्हणणार नाही. बाबा आमच्या गावच्या शाळेत मराठी शिकवतात आणि घरात दुसऱ्या भाषेत बोललेलं त्यांना खपत नाही. आमचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले, म्हणून महाराष्ट्र म्हणजे आपलं माहेर, अशी त्यांची पक्की समजूत. या समजुतीनेच मला पुढे रडकुंडीला आणलं. हे सगळं मी रागानेच लिहिते आहे, कारण राग अजून उतरलेला नाही.

मुंबईच्या विमानतळावरचा अधिकारी माझं मराठी ऐकून खूश झाला. शिक्का मारता मारता त्याने बजावलं, की दोन आठवड्यांत पोलिसांकडे विद्यार्थी म्हणून नोंदणी झाली पाहिजे. नाही झाली तर शिक्षण बाजूला राहील आणि देश सोडावा लागेल. मी मान डोलावली. आपल्याच माणसांत जायचं आहे, नोंदणीला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं.

पिंपळे गुरवला पोहोचले तेव्हा ऊन कलत होतं. गल्ली इतकी अरुंद की टॅक्सीवाल्याने कोपऱ्यावरच सामान उतरवून दिलं. दोन्ही बाजूंना इमारती, आणि प्रत्येक गच्चीवर पाण्याची काळी टाकी. घरमालक आप्पा दारातच उभे होते. हे मूळ गावातले लोक. जमीन गेली, तिच्या पैशातून इमारत उभी राहिली आणि आता सगळं घर भाड्यावर चालतं. माझी खोली अगदी वरच्या मजल्यावर होती. त्यांच्या बायकोने, मावशीने, मला आधी जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, पिठलं आणि खर्डा (तव्यावर मिरच्या भाजून केलेला ठेचा). डोळ्यांतून पाणी आलं तरी मी मागून घेतलं.

आप्पांना माझ्या आडनावाचा उलगडा होईना. "भिवाजी हे तर नाव हाय. आडनाव सांग की." मी सांगितलं, की माझ्या खापरपणजोबांचं नाव भिवाजी; बोटीवरून उतरल्यावर तेच आडनाव म्हणून लिहिलं गेलं आणि खरं आडनाव कुठे गेलं ते कुणालाच माहीत नाही. मावशी हळहळली. त्या संध्याकाळपासून मी त्या घराची भाची झाले.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना सी फॉर्मचं सांगितलं. परदेशी माणूस घरी राहायला आला की घरमालकाने पोलिसांना संगणकावरून कळवायचं असतं, त्याला हे नाव. ते झालं नाही तर माझा अर्ज पुढे सरकत नाही. आप्पा हसले. फॉरेनर म्हणजे गोरे, नाहीतर ती आफ्रिकेकडची पोरं. तू कसली फॉरेनर, असं म्हणाले. मॉरिशसही आफ्रिकेतच मोजतात, हे मी सांगितलं. त्यांनी ते ऐकून सोडून दिलं. मग रोज मी विचारायचं आणि रोज त्यांनी उद्यावर ढकलायचं. मी चिडले की मावशी वाटीत काहीतरी गोड घेऊन वर यायची. गोड खाऊन भांडता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक असावं.

माझ्या वर्गात टांझानियाचा जोसेफ आहे. त्याला या शहरात कोणी घर देईना. कासारवाडीत तर दार उघडून त्याचं तोंड पाहिलं आणि खोली गेली म्हणून सांगितलं. शेवटी मोशीत एकाने घाबरत घाबरत घर दिलं आणि पहिल्याच संध्याकाळी सी फॉर्म भरून टाकला. त्याची नोंदणी केव्हाच झाली. कासारवाडी स्टेशनाबाहेर मिसळ खाताना त्याने मला विचारलं, तुझं तर सगळे आपलेच आहेत, मग तुझं का अडलं? तर्री (मिसळीवरचा तिखट लाल रस्सा) नाकात गेली आणि तेवढ्यावर तो विषय टळला.

मग चाकणची फेरी आली. कॉलेजने एका मोटारींच्या कारखान्यात प्रशिक्षण ठरवलं होतं. मोशीत इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि पुढे नुसते कंटेनर. दोन गोदामांच्या मधे एखादं कांद्याचं रान अजून तग धरून होतं. त्याच्या बांधावर प्लॉट विकण्याचा फलक. कारखान्याच्या फाटकावर यादी घेऊन रखवालदार उभा. परदेशी विद्यार्थ्यांनी नोंदणी दाखवायची, असा तिथला नियम. जोसेफने फोन पुढे केला आणि आत गेला. मी मराठीत पुष्कळ समजावलं. रखवालदार बिचारा सभ्य होता, म्हणाला, "ताई, तुम्ही आपल्यातल्याच वाटता, पण यादीत परदेशी लिहिलंय ना." बाकीचे परत येईपर्यंत मी समोरच्या टपरीवर बसून ट्रकांची धूळ खाल्ली. चहावर चहा घेतले. आपल्यातली म्हणून फॉर्म नाही आणि परदेशी म्हणून प्रवेश नाही. या लोकांनी आधी आपसांत ठरवावं आणि मग मला सांगावं, असा संताप संताप झाला. मुदत संपत आली होती. परत जावं लागलं तर शिष्यवृत्तीही गेली, हे बाबांना कळवायचं धाडस मला होत नव्हतं.

बसमध्येच फोनवर निरोप आला, की अर्ज सी फॉर्मवाचून अडला आहे, म्हणून पत्ता तपासायला चौकीवरून हवालदार येतील. मला हायसं वाटलं. आता तरी आप्पांना फॉर्म भरावाच लागेल.

हवालदार आले तेव्हा मी जिना उतरत होते. खालून मावशीचा आवाज आला. "फारेनर न्हाई कोण आमच्यात. वर ऱ्हाती ती आमची भाची हाय, राजापूरची." आप्पांनी व्हय म्हटलं. हवालदार लिहायला लागले. या पत्त्यावर परदेशी कोणी नाही, एवढी एक ओळ लिहिली गेली असती की माझा कारभार आटोपला होता.

मी धावत खाली गेले आणि पासपोर्ट त्यांच्या हातात दिला. "मी यांची भाची नाही," मी म्हटलं. "मी यांची कोणीच नाही. मी परदेशी आहे, असं लिहा."

हवालदारांनी पासपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरचा मजला कागदावर न्हाई. पोलिसात पत्ता गेला की मोजायला येत्याल, अशी भीती व्हती." म्हणजे माहेर, भाची, वाटीतलं गोड, सगळं त्या बेकायदा मजल्याला टेकू म्हणून होतं तर! मी तोंडावर तसं म्हणाले. मावशी एवढंच म्हणाली, "समदं न्हाई गं."

मजल्याशी आपलं काही देणंघेणं नाही, असं सांगून हवालदारांनी फॉर्म समोरच भरून घेतला. आप्पांच्या फोनवर टंकायला मीच बसले, कारण त्यांना चष्म्याशिवाय दिसेना आणि चष्मा आणायला मावशी काही उठेना. मुदतीत नोंदणी झाली. महिना भरताच मी मोशीला राहायला गेले. तिथल्या मालकाने मी बॅग ठेवली त्याच संध्याकाळी फॉर्म भरला आणि जेवलीस का, असं कधीही विचारलं नाही.

सुट्टीला घरी निघाले त्या दिवशी खालून इमारतीच्या रखवालदाराचा फोन आला. फाटकापाशी आप्पा स्कूटर लावून उभे होते, हातात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. रखवालदार नोंदवहीत लिहीत होता. कोण लागते तुमची, असं त्याने विचारलं. मी पायरीवरच थांबले. आप्पांनी मला पाहिलं होतं.

"कोण न्हाई," ते म्हणाले. "आमच्याकडं भाड्यानं व्हती."

त्यांनी बरणी माझ्या हातात दिली, मावशीने दिली आहे म्हणाले आणि स्कूटर वळवून गेले. वर या म्हणायचंही मला सुचलं नाही. चूक तर त्यांचीच होती. त्या एका खोटेपणाने माझं सगळं वर्ष वाया जाणार होतं. मुंबईपर्यंत मी हेच स्वतःला सांगत राहिले.

मॉरिशसच्या विमानतळावर बाबा न्यायला आले होते. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी बरणी उघडली, चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली आणि त्यांचा चेहरा उजळला. मग विचारलं, "परकं नाही ना वाटलं तिकडे?"

"एकदाच वाटलं," मी म्हटलं. "येताना. फाटकापाशी."