आत्याच्या ट्रॅक्टरचा फिल्टर

माझं पिंपळवंडीत वेल्डिंगचं दुकान आहे. नांगराचे फाळ, ट्रॉलीची फळकी, गोठ्याची गेटं, जे मोडेल ते जोडायचं हा माझा धंदा. गेल्या वर्षी मात्र मी वापरलेला ऑइल फिल्टर कापायचं हत्यार बनवलं आणि तेव्हापासून आमच्या भागातले ट्रॅक्टरवाले मला ‘फिल्टरचा डॉक्टर’ म्हणतात. मला ते लई आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू?

याला कारण आत्याचा ट्रॅक्टर. माझी आत्या पिंपरी पेंढारला राहते. नवरा गेल्यावर ती ट्रॅक्टर चालवायला शिकली. आता साठी आली तरी पदर खोचून, पायांत बूट घालून रोटर मारून वावरं भुसभुशीत करते आणि अर्धं गाव तिच्यासाठी खोळंबून राहतं. तिचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्याला वाटतं, आईनं आता आराम करावा. आईला वाटतं, आराम हे आजारी माणसाचं काम.

ट्रॅक्टर खडखडायला लागला आणि मुलाला निमित्त मिळालं. सर्व्हिसिंगला काढलेला जुना फिल्टर त्यानं मोबाइलवर बघून घरीच पत्रा कापायच्या ग्राइंडरनं कापला. फिल्टरच्या आत घड्या घातलेला कागद असतो, इंजिनातली घाण त्यात अडकते. त्यात लोखंडाचा चुरा दिसला तर इंजिन आतून झिजतंय असं समजायचं. चुरा दिसला. मग कागद ताटलीत घालून आईसकट तो माझ्या दुकानात हजर.

“आता तूच समजाव हिला,” तो म्हणाला. “इंजिन खलास झालंय. मंचरचा एक जण जुने ट्रॅक्टर घेतो, त्याच्याशी बोललोय मी.”

मी ताटलीत पाहिलं. काळ्या तेलात नुसती चमचम. माझं तोंडच उतरलं. आत्या गप्प होती. माझी आत्या भांडते, शिव्या देते, हसताना लांबच्या वाडीला ऐकू जाते. पण ती गप्प बसलेली मला बघवत नाही. ट्रॅक्टर गेला तर ही बाई दिवसभर टीव्हीपुढं काय करणार, या विचारानं मला भरून आलं.

एवढ्यात तिनं त्यातली चिमूटभर घाण बोटांत चोळली.

“कशानं कापलंस रं हे?”

“ग्राइंडरनं.”

“मग मला सांग, जातं टाकवून आणलं की पयल्यांदा त्यात कोंडा का भरडायचा?”

मुलगा माझ्याकडं बघायला लागला, मी आत्याकडं.

“कारण कचकच जात्याची असती, दाण्याची नसती,” ती म्हणाली. “छिन्नीचे घाव बसलेत ना दगडाला. तसंच हे. तू पत्रा कापलास, त्याचा चुरा आत पडला. आन आता इंजिनाला नावं ठेवतोयस व्हय?”

मी टाळीच वाजवली. मुलगा मात्र हटेना. “चुरा ग्राइंडरचा कशावरून? इंजिनाचाबी असंल.” तेही खरंच होतं. शेवटी ठरलं असं: ट्रॅक्टरला नवा फिल्टर बसलाच होता. त्याच्यावर कांद्याची सगळी वावरं उरकायची, मग तो चुरा न पाडता कापायचा. आत चमक दिसली तर ट्रॅक्टर त्याच दिवशी मंचरला जाईल. “कबूल,” आत्या म्हणाली.

आता सगळा भार माझ्यावर. करवत बाद, कारण तीही चुरा पाडते. भंगारातले फिल्टर आणून छिन्नीनं बघितलं, तर पत्रा चेंबून कागद फाटला. घरातला पत्र्याचे डबे उघडायचा ओपनर लावला, तर त्याचंच पातं वाकलं. बायको म्हणाली, “पुढच्या खेपेला माझा मिक्सर न्या.” मग नळवाल्याचं पाइप कापायचं हत्यार आठवलं. त्याचं धारेचं चाक पाइपभोवती फिरतं आणि नुसतं दाबत दाबत आत उतरतं, कणभर चुरा नाही. फिल्टरला त्याचं तोंड पुरेना, म्हणून मी ते चाक काढून मोठ्या लोखंडी अँगलवर बसवलं. समोर फिल्टर फिरायला दोन जुनी बेअरिंगं, मागं आवळायला स्क्रू. एक फेरा, थोडं आवळायचं, पुन्हा फेरा. डब्याचं झाकण निघावं तसं फिल्टरचं बूड अलगद हातात आलं. दुकानात एकटाच होतो म्हणून बरं, मी चक्क नाचलो.

कांद्याची वावरं झाली. आत्याच्या अंगणात ट्रॅक्टर न्यायला एस्टीनं आलेले मंचरचे पाहुणे चहा घेत बाजेवर बसले होते, मुलगी बघायला आल्यासारखे. मी फिल्टर पालथा करून तेल निथळू दिलं, फेरे घेतले, बूड काढलं. ब्लेडनं कागद सोडवला, फडक्यात गुंडाळून पकडीत दाबून तेल पिळलं आणि घड्या उलगडून उन्हात ताटावर पसरला. आत्या लांब गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिली. जवळ यायची तिची छाती होईना.

कागद काळाकुट्ट. मुलानं नाक टेकेपर्यंत मान घातली. “ही काय चमक!” तो ओरडला. तेवढ्यात त्यानंच तिथं बोट फिरवलं; ऊन लागलेला तेलाचा थेंब होता. मी स्पीकरचं लोहचुंबक सगळ्या घड्यांवरून फिरवलं, काही चिकटलं नाही. खडखड निघाली सायलेन्सरच्या तुटक्या पट्टीची. तिला मी दोन टाके मारले आणि आवाज गेला.

आत्या आधी रडली, मग हसली. एवढं हसली की शेजारची माणसं बांधावर आली.

“मग माजं काय?” पाहुण्यांनी हसत विचारलं. “एस्टी तरी गावंल का आता?”

“एस्टी कशाला, पावणं? बसा मडगारवर. फाट्यावर सोडते,” म्हणत आत्या चढलीसुद्धा. पाहुणे दोन्ही हातांनी मडगार्ड धरून बसले आणि ट्रॅक्टर धूळ उडवत निघाला.

मुलगा रस्त्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “राव, मला अजून ट्रॅक्टर चालवता येत न्हाई. आई शिकवील का रं मला?”