शिरूरच्या बोर्डावर ऐकलेलं

शिरूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी रुजू झाले तेव्हा गावात पुरते तीस फोनही नव्हते. एक्स्चेंज म्हणजे पोस्टाच्या मागची एक खोली, एक उंच खुर्ची आणि समोर लाकडी बोर्ड. कुणी घरी फोनचा दांडा फिरवला की बोर्डावर त्याच्या नंबराची झाकणी टपकन खाली पडे. मग मी दोरीचा प्लग त्या भोकात घालायचा, कोण हवंय ते विचारायचं आणि दुसरा प्लग तिकडच्या भोकात घालायचा. दोन माणसं जोडली जायची, ती माझ्या हातांनी.

माझा जन्म दौंडच्या रेल्वे कॉलनीतला. अब्बा इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. मी मॅट्रिक झाले, पुण्याला खात्याचं ट्रेनिंग घेतलं आणि नेमणूक शिरूरला निघाली. तिथं माझी खाला, आईची बहीण, राहायची, म्हणून घरच्यांनी पाठवलं. एस.टी.त बसवताना अब्बा म्हणाले, "इंजिनाचं काम मी केलं की खाली सही करतो. पुढं काही झालं तर ती सही माझी. तूही असंच समज." मी मान हलवली. खरं तर तेव्हा माझं सगळं लक्ष नव्या चपलांकडे होतं.

ट्रंक कॉलचं मला फार अप्रूप वाटायचं. पुण्याची लाइन लागली की आधी वारा वाहिल्यासारखा आवाज यायचा आणि मग एकदम कुणीतरी घसा खाकरायचं. चाळीस मैलांवरचा माणूस माझ्या कानात घसा खाकरतोय! पहिल्या आठवड्यात तर माझ्या अंगावर काटा यायचा. रस्त्याकडेच्या खांबांवरून गेलेल्या त्या तारेवर चिमण्या बसलेल्या मी रोज पाहायची. त्यांच्या पायांखालून माणसांचे आवाज जात असतात आणि त्यांना पत्ताही नाही, हे मनात यायचं आणि मी रस्त्यात उभी राहायची.

माझे वरिष्ठ साठीकडे झुकलेले होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी गुप्ततेच्या कागदावर माझी सही घेतली आणि म्हणाले, "लाइन जुळली का, येवढं बघायला दोन शब्द ऐकायचे. मग ऐकायची किल्ली वर करायची, की आपला कान बंद. तिसरा शब्द आपला न्हाई."

मी तिसरा शब्द ऐकायची. सांगून टाकते. कुणाला सांगायला म्हणून नाही, नुसत्या नवलापोटी. किल्ली वर करायला माझं बोट धजायचंच नाही.

त्या वर्षी गावातल्या एका मोठ्या बागाईतदारांचा पुण्याच्या डॉक्टरांना कॉल लागला. त्यांना सगळे आबा म्हणत. सोसायटीत त्यांचा शब्द चाले आणि त्यांच्या घरी फोन होता. दुपारची वेळ होती. मी लाइन जोडली, दोन शब्द ऐकले आणि किल्ली तशीच ठेवली.

डॉक्टर म्हणाले, "सूनबाईंच्या छातीच्या फोटोत डाग आहे. क्षयच आहे. औषध आहे त्यावर, घाबरू नका. पण लहान मुलांना त्यांच्या जवळ येऊ देऊ नका."

आबांचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "घरात पोरं न्हाईत. पन ही गोष्ट बाहेर जाता कामा नये, डाक्टर."

मी कानावरचा हेडफोन काढून खाली ठेवला, पण उशीर झाला होता. आबांची ही धाकटी सून घराच्या पडवीत बालवाडी चालवायची. माहेर वरवंडचं, शिकलेली. पंचवीसेक मुलं जायची तिच्याकडे. त्यात खालाची धाकटी होती, चार वर्षांची.

त्या संध्याकाळी मी खालासमोर जेवायला बसले. खालाला सांगावं तर माझी सही मोडते. न सांगावं तर सकाळी पोर त्या पडवीत जाऊन बसणार. दोन्हीकडून मीच गुन्हेगार. खालाही त्या दिवशी गप्प होती, पण ते माझ्या ध्यानात आलं नाही. सकाळी ती पोरीचे केस विंचरायला बसेना, तेव्हा मीच घाबरत विचारलं, "आज बालवाडी?"

"बंद आहे काही दिवस," खाला म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मी सुटकेचा श्वास टाकला. आबांनीच बंद केली असेल असं मला वाटलं. त्यांच्याबद्दल मनात आदरही दाटून आला.

चार दिवसांनी तेच आबा एक्स्चेंजच्या दारात उभे होते. चेहरा लाल, फेटा हातात.

"माझ्या घरातलं बोलनं गावात कसं गेलं?" ते आप्पांना म्हणाले. "बाजारात लोक मला सुनेच्या छातीचं विचारत्यात. फोनवर दोघंच होतो, मी आन् डाक्टर. तिसरं कोन व्हतं?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोर्डाकडे.

गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. ज्यांच्या घरी फोन होते ते सगळेच हादरले. आपण फोनवर काय काय बोललोय ते प्रत्येकाला आठवायला लागलं. रविवारी सकाळी वाचनालयात सभा ठरली. मला आणि आप्पांना बोलावणं आलं. त्या आधीच्या दुपारी आप्पांनी मला बजावलं, "ऐकलं न्हाई म्हनायचं. लाइन जुळली, किल्ली वर केली, बस्स. नायतर नोकरी जाईल पोरी तुझी."

वाचनालय गच्च भरलं होतं. ज्यांनी जन्मात फोनला हात लावला नव्हता तेही आले होते. बायका मागच्या दाराशी उभ्या होत्या, त्यांत खालाही होती. मी पुढे बाकावर बसले.

एक दुकानदार उठला. "मी म्हंतो, फोन पायजेच कशाला? आपल्या बापजाद्यांचं अडलं व्हतं का?"

"तुमचाच नंबर लावलाय ना नव्या फोनसाठी?" कुणीतरी विचारलं. सगळे हसले आणि तो खाली बसला.

दुसरा म्हणाला, तिथं बाईमाणूस ठेवू नका, बायकांच्या पोटात काही राहत नाही. त्यावर मागच्या बायकांत कुजबुज झाली. मग हायस्कूलचे एक मास्तर उभे राहिले. ते शांतपणे म्हणाले, "मुंबईत आता अशी यंत्रं आहेत की आपणच आकडे फिरवायचे, मध्ये माणूसच नाही. ऐकायला कुणी नाही, सांगायला कुणी नाही. आपण तशा यंत्रासाठी अर्ज करू."

मध्ये माणूसच नाही! म्हणजे माझी खुर्चीच रिकामी. तेवढ्यात कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, मागल्या साली आमची कडब्याची गंज पेटली. मी दांडा फिरवला आन् नुसतं आग आग वरडलो. आप्पांनी निम्मा गाव जागा केला. मला तवा आकडं सुचलं असतं व्हय?"

यावर पुष्कळ वेळ वाद झाला. कुणी म्हणे, माणूस पाहिजे पण मुका पाहिजे. कुणी म्हणे, पोस्टकार्ड तरी कुठं झाकलेलं असतं, पोस्टमन वाचतोच की. कुणी म्हणे, पोस्टकार्डावर आपण जपून लिहितो, फोनवर जीभ सैल सुटते, चूक आपली. इतक्या वर्षांनी आठवलं की वाटतं, त्या माणसांनी सकाळच्या दोन तासांत सगळंच विचारून घेतलं होतं.

शेवटी आबा उठले. माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, येवढंच सांगा. तुमी ऐकलं का न्हाई?"

आप्पांचा हात शेजारून माझ्या कोपराला लागला. मी उभी राहिले. 'नाही' ओठांवर तयार होतं. पण समोर आबा होते, आणि फोनवरचा त्यांचा तो लांबलेला श्वास माझ्या कानात होता. मी त्यांच्या दुःखाच्या खोलीत शिरले होते. आता त्यांच्याच तोंडावर खोटं बोलणं मला जमेना.

"ऐकलं," मी म्हणाले. "ऐकायला नको होतं. चूक माझी. पण सांगितलं नाही. कुणालाच नाही."

एकच गलका झाला. बघा, बघा, मी म्हणत नव्हतो का! आणि त्या गलक्यातून एक तरुण शेतकरी पुढे आला.

"माझी दोन पोरं जात व्हती तिथं," तो म्हणाला. "तुमाला ठाव होतं, आन् तुमी गप्प बसलात?"

आतापर्यंत मी सांगितल्याचा आरोप होता. आता न सांगितल्याचा. दोन्ही आरोप करणारी माणसं माझ्यासमोर उभी होती आणि दोघांचंही मला पटत होतं.

"मामंजी."

आवाज खिडकीतून आला. सगळे वळले. बाहेर अंगणात, खिडकीपासून चार हात लांब, आबांची सून उभी होती. पदर तोंडावर घट्ट धरलेला, उन्हात डोळे बारीक केलेले. इतकी वाळली होती की मी तिला आधी ओळखलंच नाही.

"मामंजी, त्या बाईंनी न्हाई सांगितलं. मी सांगितलं."

आबांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला.

"तुम्ही फोन ठेवला, मला क्षयाचं सांगितलं आणि खोलीत बसवलं," ती म्हणाली. मधूनच थांबून श्वास घेत होती. "तुम्ही शेतावर गेल्यावर मी बाहेर पडले. एकेका पोराच्या घरी गेले. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून प्रत्येकीला सांगितलं, मला क्षय हाय, पोराला खोकला आला तर डाक्टरला दाखवा. आन् विनवलं, की मामंजींच्या कानावर जाऊ देऊ नका, त्यांना लागंल. माझा आजार माझा हाय. तो लपवावा का न्हाई, ते मी ठरवीन. पन पोरं लोकांची हाईत."

तो तरुण शेतकरी मागे वळून बायकांत आपल्या बायकोला शोधू लागला. तिनं मान खाली घातली होती. माझी खाला पुढे आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मला पण सांगितलं होतं. पहिल्याच संध्याकाळी. काल मीच जाऊन तिला म्हटलं, की माझ्या भाचीची नोकरी जातेय."

म्हणजे एकाच चुलीपाशी बसून आम्ही दोघी तेच गुपित एकमेकींपासून लपवत होतो.

मी त्या बाईकडे पाहत राहिले. सहीचा कागद नाही, नियम नाही, वरिष्ठ नाही. ज्या आजाराचं नाव घ्यायला लोक भीत, ते नाव वीस उंबऱ्यांवर स्वतःच्या तोंडानं उच्चारून आली होती ती, तीही तापात, पायी. तारेतून येणाऱ्या आवाजाचं मला एवढं नवल वाटायचं. त्या सकाळी खिडकीतून आलेल्या आवाजापुढे ते काहीच नव्हतं.

आबांनी फेटा डोक्यावर ठेवला. माणसं बाजूला झाली. ते बाहेर अंगणात गेले आणि म्हणाले, "उन्हात उभी राहू नगंस. गाडी आनतो." बस्स, एवढंच. गाडी येईपर्यंत ते तिच्यावर सावली पडेल असे उभे राहिले.

यंत्राच्या अर्जाचं पुढे काही झालं नाही, निदान माझ्या काळात तरी. आप्पांनी मात्र त्याच दिवशी पुण्याच्या कचेरीला सगळं खरं लिहून कळवलं. मला खोटं बोलायला सांगितल्याचंही त्यात लिहिलं. आम्हा दोघांना लेखी ताकीद आली. मी ती अब्बांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घातली आणि मला परत दिली. "जपून ठेव," म्हणाले.

सून पुण्याकडच्या दवाखान्यात सात-आठ महिने होती. दर रविवारी आबा तिकडे कॉल लावायचे. लाइन जुळली का हे बघायला मी दोन शब्द ऐकायची, एक आबांचा, एक तिचा. तिचा 'हॅलो' आला की किल्ली वर. पहिल्या रविवारी तो 'हॅलो' खोकल्यातच बुडाला. पुढच्या महिन्यात तो अर्धा का होईना, सरळ आला. दिवाळीनंतर एकदा इतका खणखणीत आला की मी दचकले. पुढे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. पण त्या एका शब्दावरून तिला किती बरं वाटतंय ते मला कळायचं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. खालालाही नाही.

ती परत आली तेव्हा डॉक्टरांचा कागद घेऊन पुन्हा त्याच वीस घरी गेली. आमच्याकडे आली तेव्हा मी घरीच होते. खालानं तिला आत बोलावलं. ती उंबऱ्याशीच घुटमळली, तर खालानं तिचा हात धरून तिला पाटावर बसवलं आणि स्वतःच्या कपात चहा ओतून दिला. कागद खालानं वाचलाही नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली दौंडला झाली.