उरलेल्या चिठ्ठ्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिखटाच्या पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवणं. सकाळी ओसरीत बसलो होतो. मी खळ लावायचो, बायको लिहायची.

शेर-पाव जाऊन किलो-ग्रॅम आले तेव्हा आम्ही म्हातारे झालो होतो. छापखानेवाल्यानं आमच्या पाकिटावर २०० च्या पुढं gms. असं लांबलचक छापून दिलं. वजनमापाचा साहेब आर्णीच्या दुकानात सांगून गेला, नुसता g पाहिजे, टिंबही नको, साऱ्या दुनियेत असाच लिहितात. दुकानदारानं सारी पाकिटं परत धाडली. म्हणाला, बाजाराआधी दुरुस्त करा, नाही तर यापुढं तुमचा माल बंद. सुटं तिखट आमच्या हातचं कोण घेतो? आम्ही धम्माची दीक्षा घेतली, पण लोकांच्या डोक्यातली जात काही गेली नव्हती. बंद पाकीट तेवढं खपायचं.

मी दोन इयत्ता शिकलेलो, ती एकही नाही. मी साऱ्या चिठ्ठ्यांवर २०० लिहून ठेवले, पुढचा g तिनं पाहून पाहून काढला.

"हे तं फांदीवर बसलेलं वांदर हाय," ती म्हणाली, "शेपटी खाली सोडून."

"वांदर तं वांदर. सरळ काढ."

थोड्या वेळानं विचारते, "अवो, हे मुंबईच्या माणसाले वाचता येईन?"

"मुंबई कायले, विलायतेतल्या मडमेलेही येईन."

"अन् कलेक्टराच्या घरच्या डब्यावर?"

"तिथंबी हेच."

"माह्या हातचंच?"

"तुह्याच हातचं. वांदरासकट."

ती हसली नाही. चिठ्ठी उन्हात धरून पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आपलं नाव लिहाले नाही आलं मले. अन् हे सारी दुनिया वाचते."

गावच्या विहिरीवर आमची घागर चालत नव्हती, आणि या एवढ्याशा खुणेत ती आणि कलेक्टर सारखेच. हे असं कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, मला आजही कळत नाही.

पाकिटं सरली तरी तिचा हात थांबेना.

"अवं, पुरे कर. कायले लावशीन एवढ्या?"

"लिहून राह्यली मी. तुमचं काय जाते?"

दुपारी जरा अंग टाकते म्हणाली. ती उठलीच नाही. दिवस बुडायच्या आत तिला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत सुपावर तिच्या चिठ्ठ्या तशाच होत्या, शाई वाळलेली. लावायला भरलेलं पाकीट एकही उरलं नव्हतं. मी मिरच्या काढल्या, उखळापाशी बसलो. हे काम तिचं, मला मुसळही नीट धरता येत नव्हतं.

शेजारीण कुडावरून म्हणाली, "बुढ्या, आजच कांडून राह्यला? लोक काय म्हणतीन?"

"सुतक आपण सोडलं न बाई. चिठ्ठ्या उरल्या तिच्या."

ती आत आली, माझ्या हातातून मुसळ घेतलं. मी तराजू लावला. दोनशे तोलले, पाकीट बांधलं, वर तिचं वांदर चिकटवलं. मग कालची-आजची सारी पाकिटं डोक्यावर घेऊन आर्णीची वाट धरली.