सालवण्याची ओटी

मी देवभोळी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे लग्न, मग लंडनचं हाउन्सलो, आणि मग विमानतळाजवळच्या किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचं काम. बावीस वर्षं ट्रे भरले. पाव, लोणी, मिठाची पुडी, चमचा. समोरचा पट्टा सरकत राहतो, आपला हात थांबला की पुढची बाई ओरडते. असल्या कामात नामस्मरण होत नाही, आणि मी ते केलंही नाही. सकाळी कपाटावरच्या देवांपुढे दिवा लावायचा आणि बस पकडायची, एवढाच माझा धर्म होता.

पण एकदा मी बोलून बसले होते. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. माझा मुलगा नितीन नऊ वर्षांचा होता आणि त्याला मेंदूज्वर झाला. तीन दिवस शुद्ध नव्हती. वॉर्डातले डॉक्टर आपल्याकडचेच होते, नागपूरचे. ते म्हणाले, "ताई, आम्ही देतोय ते सगळं देतोय. आता तो कसा रिस्पॉन्ड करतो ते बघायचं." बाहेर बर्फ साचलेलं, दुपारी चारलाच अंधारून आलेलं. मी खिडकीशी उभी राहिले आणि मनात म्हटलं, सालवण्याच्या शांतादुर्गे, पोर उठू दे, तुझ्या दारात येऊन माझ्या हाताने तुझी ओटी भरीन. तीच का आठवली ते सांगता येत नाही. आमचं आडनाव सालवणेकर. यजमानांचं घराणं मूळ गोव्यातल्या सालवणें गावचं, पण गाव सोडून किती पिढ्या झाल्या ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिकडे कुणी गेलेलंही नव्हतं. लग्न झाल्यावर सासूबाईंनी एवढंच कानावर घातलं होतं, की आपली कुलदेवी सालवण्याची शांतादुर्गा. चौथ्या दिवशी नितीनने पाणी मागितलं. औषधाने उठला की देवीने उठवला, यात मी पडले नाही.

आणि मग चौदा वर्षं मी गेले नाही. मुंबईला दोनदा जाणं झालं, एकदा नणंदेच्या मुलीचं लग्न म्हणून, एकदा दिरांचं आजारपण म्हणून. मधे यजमान गेले. ही सगळी कारणं झाली. खरं कारण असं, की पोर बरं झालं होतं आणि मला गरज उरली नव्हती. मग माझ्या कमरेचा सांधा गेला. काठीशिवाय स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येता येईना. हॉस्पिटलने ऑपरेशनची तारीख दिली. मला साखरेचा आजार, म्हणून सर्जनने जोखीम काय काय आहे ते सरळ सांगितलं. त्या दिवशी बसमध्ये माझ्या मनात एकच गोष्ट आली. भूल दिल्यावर मी उठले नाही, तर शब्द तसाच राहील. मरणाची भीती नव्हती असं नाही, पण याची लाज जास्त होती.

हाय स्ट्रीटवरच्या ट्रॅव्हलवाल्याच्या काचेत गोव्याची पाटी असायची. ऊन, समुद्र, दोन आठवडे, गॅटविकहून थेट विमान. मी आत जाऊन तिकीट काढूनच घरी आले. नितीन तेव्हा रीडिंग शहरात कॉम्प्युटरच्या ऑफिसात होता. शनिवारी आला आणि माझी उघडी बॅग बघून कपाळाला हात लावला.

"आई, आर यू सीरियस? गोव्याला कोकोनट घेऊन चाललीस?"

"ओटीचा आहे. साउथॉलच्या बाजारातून चांगला बघून आणलाय."

"तिकडे झाडावर असतात ना. आणि देवी कुठे राहतो, ते तरी माहीत आहे का तुला?"

"राहते. सालवण्याला राहते."

तो हसला, पण नारळ बॅगेत राहिला. हिरवी साडी, खण, हळदकुंकू, तांदूळ, सगळं मी इथूनच बांधून नेलं. तिकडे कुणावर अवलंबून राहायचं नाही, असं ठरवूनच निघाले होते.

हॉटेल समुद्रावर होतं. सगळे इंग्रज. शेजारच्या खोलीतलं बेसिंगस्टोकचं जोडपं दिवसभर वाळूत पडून लालभडक व्हायचं आणि मला रोज विचारायचं, आज तरी बीच बघितला का. मी बघितला नाही. दुसऱ्याच दिवशी टॅक्सी केली. ड्रायव्हर दिनेश कारवारकडचा होता, बडबड्या, पण गाडी नीट चालवायचा. सालवणें नदीकाठी निघालं. माडांची रांग, भाताची शेतं, पांढरं चर्च, लाल कौलांची घरं आणि एक मोठं तळं. देऊळ नाही. दुकानात विचारलं, तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारलं. "ह्या गांवांत देवूळ ना," एवढंच उत्तर. एक म्हातारबा काहीतरी सांगू लागले, आमच्या गावात नाही पण... मी त्यांना तोडलं. म्हटलं, मला याच गावातली हवी आहे, दुसरी नको. ते आपल्या वाटेने निघून गेले. ती माझी चूक, आणि ती मला पुढे दहा दिवस पुरली.

गोव्यात शांतादुर्गा पुष्कळ आहेत. दिनेशने मला एकेक दाखवायला सुरुवात केली. एक सुपारीच्या बागेत खाली उतरून होती, झऱ्याचं पाणी देवळाच्या पायरीखालून वाहत होतं आणि आत इतका गारवा, की माझी कंबर तासभर दुखायची थांबली. दुसरी डोंगरावर, नक्षीच्या लाकडी खांबांची, तिथे आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. तिसरीच्या वाटेवर काजूच्या झाडांखाली गाडी अडकली आणि दोघा गवळ्यांनी ढकलून काढली. हॉटेलातल्या एकालाही या जागा ठाऊक नव्हत्या. सुंदर होत्या, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक ठिकाणी मी विचारायची, ही सालवण्याची का? नाही म्हटलं की साडीची पिशवी उचलून परत गाडीत. दिनेश वैतागला.

"आई, देवी सगळी एकच. इथेच भरून टाका ना ओटी."

"तुझ्या आईची साडी शेजारणीला दिली तर चालेल का?"

"माझी आई चार दिवस बोलणार नाही."

"मग चालव गाडी."

शेवटचा दिवस उरला. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. मी दिनेशला म्हटलं, परत सालवण्याला चल. तिथे काही नाही हे माहीत होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. चर्चपासून तळ्यापर्यंत काठी टेकत गेले, तळ्याभोवती फिरले, एखादा पडका चौथरा तरी दिसेल म्हणून झाडं बघितली. ऊन डोक्यावर आलं. मग कमरेने साफ नकार दिला आणि मी एका घराच्या पायरीवर बसले. त्या वेळी मनात भक्ती वगैरे काही नव्हतं. हरले, एवढंच कळत होतं. देवीला म्हटलं, मी आले होते, तू सापडली नाहीस, आता तुझं तू बघ. पुस्तकात लिहितात तसं मी शरण गेले असं म्हणणार नाही. पाय चालेनात म्हणून बसले.

मागचं दार उघडलं. माझ्याच वयाची ख्रिस्ती बाई, फुलाफुलांचा झगा, दोन्ही गुडघ्यांना कापड गुंडाळलेलं. "गो बाय, वतांत कित्याक बसल्या? भितर यो." तिने मला उन्हातून आत घेतलं, पाणी दिलं, मग न विचारता पेज आणि आंब्याच्या लोणच्याची फोड पुढे ठेवली. तिचं नाव कार्मेलिन. ती कोंकणी बोलत होती, मी मराठी, दोघींचं भागत होतं. नाव विचारलं तेव्हा मी आडनाव सांगितलं आणि कशाला आले तेही सांगितलं. 

"शांतेरी? ती पलतडी गेल्या," ती म्हणाली आणि हाताने नदी दाखवली. शांतादुर्गेला तिकडे शांतेरी म्हणतात.

मग तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. पोर्तुगिजांच्या वेळी इथलं देऊळ पाडणार अशी खबर लागली, तेव्हा गावकऱ्यांनी मूर्ती होडीत घालून पलीकडच्या काठाला नेली. तिथे त्यांचं राज्य नव्हतं. काही घरं देवीबरोबर गेली. काही इथेच राहिली आणि बाटली. कार्मेलिनचं घर राहिलेल्यांतलं. पण देवीच्या जत्रेआधी तिला खोबरेल तेल पाठवायचं, ही त्यांच्या घरातली रीत कुणी मोडली नव्हती. भाड्याच्या माणसाकडे द्यायचं नाही, घरच्याच हाताने पोचवायचं. तिचा नवरा न्यायचा, तो वारला. मुलगे दोघे कुवेतला. यंदा तिचे गुडघे गेले. जत्रा परवावर आलेली आणि तेलाची बाटली खिडकीत तशीच.

मी म्हटलं, मी आता तिकडेच जाणार, मी नेते. मग वाटलं, मी परकी, तिच्या रीतीत बसेल की नाही. ती म्हणाली, "तूं सालवणेकर न्हय? मागीर घरचीच." आणि बाटली माझ्या हातात दिली.

फेरीबोटीने दहा मिनिटं लागली. पलीकडे चढण होती, दिनेशने गाडी दारापर्यंत नेली. लहानसं देऊळ, पुढे तुळस आणि दीपमाळ. दारावर लिहिलं होतं, श्री शांतादुर्गा सालवणेकरीण. मी दोनदा वाचलं. मी तिला तिच्या आडनावाच्या गावात शोधत होते आणि तिने ते गाव कधीच सोडलं होतं. आडनाव तेवढं ठेवलं होतं, आमच्यासारखंच. हे मला, हाउन्सलोत राहून सालवणेकर म्हणवणाऱ्या बाईला, पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

भटजींनी माझी साडी, नारळ काही बघितलं नाही. आधी बाटलीकडे बघितलं. "कार्मेलिनचं तेल? यंदा येत नाही असं धरलं होतं आम्ही." ते त्यांनी आत नेऊन समईत ओतलं, मग मला म्हणाले, या, आता ओटी भरा. मी भरली. तांदूळ थोडे खाली सांडले. त्यांनी गाऱ्हाणं घालण्यासाठी विचारलं, "काय मागायचं आहे?" मी म्हटलं, मागायचं काही नाही, चौदा वर्षं उशिरा आले एवढं सांगा. ते त्यांनी मोठ्याने सांगितलं, हाउन्सलोच्या नावासकट.

परत येताना रिकामी बाटली द्यायला कार्मेलिनच्या घरी थांबले. तेल पोचलं म्हटल्यावर तिने क्रूसाची खूण केली. म्हणाली, सकाळीच मी आमच्या सायबिणीला, मेरीमातेला, सांगितलं होतं, आता माझ्याने होत नाही, पलतडी तेल न्यायला कुणाला तरी धाड. आणि दार उघडलं तर पायरीवर तू.

मी गाडीत बसले. चौदा वर्षं, आणि हे तेरा दिवस, मला वाटत होतं की ही माझी गोष्ट आहे. माझा नवस, माझा हट्ट, मला झालेली मदत. त्या घरात ही गोष्ट वेगळीच सांगत असतील. नवरा गेला, गुडघे गेले, तेल राहणार असं झालं, तेव्हा ते न्यायला लंडनहून एक लंगडी बाई आली. मला ती गोष्ट जास्त खरी वाटते. कुणाच्या कामावर आपल्याला पाठवलेलं असतं ते आपल्याला सांगतातच असं नाही. त्या दोघी सायबिणींचे, अलीकडच्या आणि पलीकडच्या, माझ्यावर उपकार आहेत, की माझ्यासारखीलाही त्यांनी कामाला लावलं.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. ट्रॉलीवर झोपवून नेताना नर्सने विचारलं, "ऑल राइट, लव्ह?" एरवी मी उठून बसून विचारलं असतं, कुठे नेता, किती वेळ, कोण करणार. त्या दिवशी यस म्हटलं, आणि नेतील तिकडे नेऊ देत म्हणून हात सोडून पडून राहिले.