धुतलेली पाच अंडी आणि ब्रुनरबाईंचा म्हातारा मोर

आधी एक दुरुस्ती. मे महिन्यातल्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की ब्रुनरबाईंकडे मोर बघताना मी कशालाही हात लावला नाही. ते खोटं आहे. ते वाक्य मी तिथून काढलेलं नाही. चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं, आणि त्यांचा नियम होता: चुकलेलं खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं. म्हणून हे.

गेल्या रविवारी मी कार्ल्सरूहेहून पुन्हा तिकडे गेले. या वेळी लुडविग्सहाफेनची माझी मावशी सोबत होती. इथल्या उन्हाळ्यात मोर पिसारा टाकतो, आणि तिला गणपतीच्या सजावटीला पिसं हवी होती. जाणाऱ्यांसाठी: डॉइचलांड-टिकेट, म्हणजे देशभराचा महिन्याचा पास, चालतो; दोन गाड्या, मग बस. रविवारी बस दोन तासांनी एक, आणि थांब्यापासून अर्धा तास चढ. गावात सगळं बंद असतं, तेव्हा खायला घेऊन जा. आम्ही मावशीचे धपाटे थांब्यावरच संपवले.

"मोर बघायला जर्मनीत डोंगर चढतेय मी," मावशी धापा टाकत म्हणाली. "आपल्या मोराच्या चिंचोलीला गाडी थेट शेतापर्यंत जाते."

ब्रुनरबाई सत्तरीच्या. गेली चाळीस वर्षं त्या मोर पाळतात. त्यांनी पिसांची जुडी आधीच बांधून ठेवली होती. फाटकापाशी कोंबडीची अंडी विकायला होती, तीही मावशीने घेतली. एकावर विष्ठा लागलेली दिसताच तिने मला विचारायला सांगितलं, "नळ कुठाय? धुऊनच नेऊ."

"नाइन, नाइन!" बाई नकारार्थी मान हलवत हसल्या. "अंडं धुवायचं नसतं. कवचावरचा पातळ थर जातो आणि घाण आत शिरते. उबवायच्या अंड्याला तर पाणी लावायचंच नाही."



मे महिन्यात बाई पाव आणायला गेल्या होत्या आणि लांडोरीची पाच अंडी त्यांनी माझ्यावर सोपवली होती. ती एका तपकिरी कोंबडीखाली ठेवलेली. कोंबडीला ती जड अंडी फिरवता येत नाहीत, म्हणून बाई सकाळ-संध्याकाळ हाताने फिरवतात, आणि बाजू कळावी म्हणून पेन्सिलने फुली मारतात. मला फक्त फिरवायची होती. पण ती मळलेली होती. मळलेली वस्तू तशीच परत द्यायची नाही, हेही घरचंच शिक्षण. मी ती कोमट पाण्याने, भांड्यांचा साबण लावून धुतली. फुल्या गेल्या. घाबरून मी अंदाजाने नव्या काढल्या, आणि बाई आल्यावर काहीच बोलले नाही.

"मेमधल्या अंड्यांचं काय झालं?" मी विचारलं.

"एकातूनही पिल्लू आलं नाही. फोडून न बघताच पुरली. आल्झो, म्हणजे नर म्हातारा झालाय." त्यांनी कुंपणाकडे बोट केलं. पिसारा अर्धा गळालेला मोर भिंतीच्या सावलीत बसला होता. "पंधरा वर्षं आहे माझ्याकडे. येत्या रविवारी तरुण नर येतोय. त्याच गाडीतून हा एका हॉटेलच्या बागेत जाईल. एकटाच. तिथे लांडोरी नाहीत."

मी "जा" म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये "हो". फक्त "जा".

बसमध्ये मी मावशीला सगळं सांगितलं. जुडी मांडीवर धरून ती पिसं सारखी करत राहिली. मग म्हणाली, "अगं, नर खरंच म्हातारा असेल."

"असेलही. पण बाईंनी ते मी धुतलेल्या अंड्यांवरून ठरवलंय."

"मग मला काय सांगतेस? त्यांना सांग."

घरी येऊन चार दिवस झाले. मावशीने दिलेलं एक पीस टेबलावर पडून आहे; लावायला जागा सापडत नाही. काल फोन केला तर उत्तरयंत्र लागलं, आणि असली गोष्ट यंत्राला सांगवेना. मोराला न्यायची गाडी रविवारी येणार. मी शनिवारी जाते आहे, सकाळच्या पहिल्या गाडीने.