दिवसाची झोप आणि आमच्या काकू

किस्से आमच्याकडे मुद्दाम कोणी जमवत नाही. चार खोल्यांच्या एका ओळीत शिफ्टवाले आठ जण कोंबले, की ते आपोआप साठतात! बिरवाडीत काकूंच्या या खोल्यांत मी दहा वर्षं भाड्याने राहतोय. एमआयडीसीत नाईट करून यायचं आणि सकाळी नऊला गादीवर पडायचं. जगाची सकाळ ती आमची रात्र. त्यामुळे दोघं भेटले की पहिला प्रश्न, ‘जेवलास का?’ नसतो. ‘झोप झाली का?’ असतो.

*

पहिला नंबर माझ्या रूम पार्टनरचा, नितीनचा. एकदा गडी उठला, घड्याळात सहा, बाहेर अंधुक उजेड. दात घासले, आंघोळ केली, युनिफॉर्म चढवला आणि कंपनीच्या बसला जाऊन उभा राहिला. मला म्हणे फोनवर, “आज काय मस्त झोप झाली रे!”

काकू देवळातून सांजेचा दिवा लावून परत येत होत्या. “कुठं निघालास रे?”

“फर्स्ट शिफ्टला, काकू.”

“जा की. पन आधी सकाळ तरी होऊ दे!”

*

दिवसा कोणी उठवू नये म्हणून आम्ही दारावर पाटी लावली, ‘नाईटवाला झोपला आहे. दार वाजवू नये.’ दुसऱ्याच दिवशी असा दणका बसला की आम्ही दोघं गादीवरून उडालो. बाहेर गॅसवाला.

नितीन भडकला, “पाटी वाचता येत नाही?”

“वाचली की! दाराला हात नाय लावला साहेब. टाकी वाजवली!”

*

हे सगळं हसण्यावारी गेलं. शंकरचं मात्र तसं नव्हतं.

शंकर आमच्या शेजारच्या खोलीतला ऑपरेटर, पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या वाडीचा. सहा वर्षं मुंबईत काढून आईवडिलांच्या जवळ राहायचं म्हणून इकडे आला. पण दिवसा त्याच्या डोळ्याला डोळा लागेना. एकदा प्लांटवर पेंगताना साहेबांनी पकडलं आणि सांगितलं, “पुढचा नाईटचा आठवडा बघतो. पुन्हा पेंगलास तर प्लांट विसर.” शंकरने बॅग भरून खाटेखाली ठेवली. परत मुंबईच! मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी सल्ले द्यायला लागतो.

मी म्हटलं, “शंभरपासून उलटे आकडे मोज.”

दुसऱ्या दिवशी विचारलं, “कुठपर्यंत गेलास?”

“शून्यापर्यंत गेलो. झोप नाय आली, म्हनून परत वर आलो!”

मग मी त्याच्यासाठी मोबाईलवर झोपेचे व्हिडिओ शोधत बसलो. त्या नादात माझीच दोन तासांची झोप गेली.

*

शेवटी त्याला महाडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शांत माणूस. सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, “पहाटेचे तीन कप चहा बंद. उशाशी मोबाईल नको. खिडकीला जाड पडदा. आणि रोज ठरल्या वेळेला आडवं व्हायचं.”

“आनि गोळी?”

“आधी चहा सोडा, मग गोळीचं बघू.”

शंकर रडकुंडीला आला, “डॉक्टर, त्यापेक्षा गोळी परवडली!”

पण सोडला हो त्याने चहा! काकूंनी खिडकीला आपली घोंगडी ठोकली. तासाभराची झोप दोन तासांवर आली. आम्ही तेवढ्यावरही खूश.

*

नाईटचा आठवडा सुरू झाला तशा काकू पेटल्या. कोंबड्या मागे डालल्या, कुकरला सुट्टी, भाजीवाल्याला कोपऱ्यावरूनच परत. आम्ही चपला हातात घेऊन चालत होतो. एवढी शांतता त्या आळीत कधी झाली नसेल.

दहा मिनिटांत शंकर घाबराघुबरा बाहेर! “काकू, काय झालं? सगळी कुठं गेली?”

“अरे, तुझ्यासाठीच गप हाव!”

तेव्हा कुठे उलगडा झाला. लहानपणी तो दुपारचा ओटीवर झोपायचा आणि आई, चुलत्या शेजारी बसून कामं करता करता बोलत असायच्या. “त्या गप झाल्या म्हंजे शेतावर निघाल्या. मग मला पन उठायला लागायचं.”

काकूंनी कपाळावर हात मारला. “एवढंच होय! बोलायला मला काय पैसे पडतात?”

दुसऱ्या दिवसापासून काकू तांदळाचं सूप घेऊन त्याच्या दाराशी. निवडणं थोडं, बोलणं फार. सुनेपासून सरपंचापर्यंत कोणी सुटलं नाही. शंकर आत पाच-पाच तास घोरायचा! उठल्यावर त्याचा चेहरा बघून मलाच बरं वाटायचं.

*

आठवड्याचा शेवटचा दिवस आला आणि नेमकं नाते गावात काकूंच्या भाचीचं लग्न. त्या रात्री साहेब स्वतः राउंडला येणार होते. शंकर म्हणाला, “जावा काकू, बघतो मी.” पण तोंड एवढंसं.

काकूंनी उपाय काढला. नऊला शंकरला फोन लावला, स्पीकर चालू केला. त्याने मोबाईल उशापासून लांब, फळीवर ठेवला, डॉक्टरांचा मान राखून. इकडे काकूंचा फोन पिशवीत आणि पिशवी खांद्याला. माझी सुट्टी होती, मीच त्यांना बाइकवरून नेलं. वाटभर काकू बोलत होत्या. मांडवात आचाऱ्याला मिठावरून झापलं, विहिणीला मानपानावरून सुनावलं. एक मिनिट खंड नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा काकूंनी पिशवीतून फोन काढून कानाला लावला आणि त्यांचे डोळेच भरून आले. मलाही ऐकवलं. आतून घोरण्याचा आवाज, चांगला खणखणीत!

काकूंना राहवलं नाही. हात वर करून ओरडल्या, “गप ऱ्हावा रे सगळे! माझा शंकर झोपलाय!”

वाजंत्री थांबली. वऱ्हाड अक्षता मुठीत धरून गप्प. भटजींचं ‘सावधान’ तोंडातच राहिलं. अख्खा मांडव चिडीचूप!

आणि फोनमधून झोपाळलेला आवाज आला, “काकू, उठू काय?”